जे-डायरी: एका विसर्गाची किंमत

जे (J) ही चिन्हांत लिहायची, याद्यांवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा. शनिवारी रात्री तिच्यात काम काढलं ते साधंच. दोन फासे एक कोटी वेळा टाकायचे आणि दोन्हींवर सारखा आकडा किती वेळा पडला ते मोजायचं. आधी छोट्या यादीवर करून पाहिलं: ३ १ ४ १ ५ आणि ३ १ ५ १ ४. जुळणाऱ्या जागा ३. मी लिहिलं +/@= (= म्हणजे तुलना, जुळलं तर १ नाहीतर ०; +/ म्हणजे बेरीज; @ दोन्ही क्रिया जोडतो) आणि उत्तर आलं १ १ ० १ ०.

बेरीज गेली कुठे? अर्धा तास डोकं खाजवलं. @ उजवीकडच्या क्रियेची रँक, म्हणजे ती एका वेळी केवढा तुकडा घेते ते, धरून चालतो. = ची रँक शून्य, म्हणजे एकेक जोडी तपासायची आणि तिथल्या तिथे ‘बेरीज’ करायची. एकट्या आकड्याची बेरीज तोच आकडा! +/@:= लिहिलं, ३ आले. फरक एका विसर्गाचा. शाळेतल्या संस्कृतच्या बाई आठवल्या.

रविवारी एक कोटींवर तेच, किती मेमरी लागते ते सांगणारं 7!:2 लावून. आधी तुलना, मग बेरीज असं सुटं लिहिलं तर साधारण १.६८ कोटी बाइट लागतात. मधल्या यादीतल्या प्रत्येक ० किंवा १ ला एक बाइट, आणि जागा देताना जे वरच्या दोनच्या घातावर जातो: १,६७,७७,२१६. +/@:= ला त्या मानाने चिल्लर. क्रियांचा हा ठरीव साचा इंटरप्रिटर (लिहिलेलं चालवणारा प्रोग्रॅम) ओळखतो, मधली यादी बनवतच नाही, तुलना करता करता मोजत जातो. उत्तर दोन्हीकडे तेच, साडेसोळा लाखांच्या थोडं वर, म्हणजे एक षष्ठांशाच्या आसपास. फासे खरे.

मग नको ते शहाणपण सुचलं. वाचायला बरं म्हणून +/ ला नाव दिलं आणि @: च्या डावीकडे ते नाव टाकलं. मेमरी परत होती तिथे! @: ला दिसतं ते नाव, नावामागची +/ नाही, त्यामुळे साचा जुळत नाही. फिक्स अॅडव्हर्ब (नावाच्या जागी मूळ क्रिया आणणारा f.) लावून नाव उलगडलं तेव्हा गाडी रुळावर आली.

इतके दिवस मी समजत होतो की क्रिया जोडल्या की इंटरप्रिटर त्यांची आपोआप एकच फेरी करतो. तसं काही नाही. ओळखीचे साचे तेवढे जलद, बाकीच्यांत मधली यादी बनतेच.

आता जुन्या फायली उघडून कुठे कुठे हौसेने नावं दिलीत ते शोधतोय. बरीच दिसतात.