तुम्ही विचारलंत म्हणून: रेसिंग टीममध्ये बिनपगारी शिरायचं कसं?

"अनुभव नाही म्हणून टीम घेत नाही, आणि टीम घेत नाही म्हणून अनुभव मिळत नाही. फुकट राबायची तयारी आहे, पण सुरुवात कुठून करू?" गाड्यांचं वेड असलेली, पण रेसच्या गाडीला अजून हात न लागलेली मुलंमुली हा प्रश्न हमखास विचारतात. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: मला काहीच येत नाही, मग मला का घेतील?

घेतात. क्लब पातळीवरच्या छोट्या टीममध्ये दोन-तीन मेकॅनिक, एक ड्रायव्हर आणि बऱ्याचदा त्याच्याच घरची माणसं, एवढाच गोतावळा असतो. हात कायम कमी पडतात. हौशी माणसं मात्र तिथे पैशाला पासरी. नसतो तो असा माणूस, ज्याने 'झालं' म्हटल्यावर कोणाला पुन्हा जाऊन बघावं लागत नाही. पहिल्या सीझनमध्ये कमवायचं ते हेच. बाकी सगळं त्यामागून येतं.

सगळ्यात चकचकीत ट्रकवाल्या टीमकडे आधी जाऊ नका. तिथे प्रत्येक कामाला ठरलेला माणूस असतो आणि तुम्ही वर्षभर रिम पुसत राहता. एक-दोन गाड्या पळवणारी टीम बरी. रेसच्या आधी आयोजक एन्ट्री लिस्ट लावतात, त्यावरून टीम, क्लास आणि गाडी कळते. त्या क्लासची नियमावली जाण्यापूर्वी वाचा. किमान वजन किती, टायर किती सेट, कुठले पार्ट बदलायला बंदी, एवढं माहीत असलं तरी समोरच्याचा सूर बदलतो.

कधी जाता यावर बरंच अवलंबून आहे. रेसच्या सकाळी किंवा क्वालिफाइंग (सुरुवातीच्या जागा ठरवणारी फेरी) आणि रेसच्या मधल्या वेळात गेलात तर कोणी मान वर करून बघणार नाही. टेस्टिंगच्या दिवशी दुपार कलल्यावर जा, किंवा शेवटची रेस संपून सामान ट्रकमध्ये चढत असताना. तेव्हा सगळे दमलेले असतात आणि टायर उचलायला पुढे आलेल्याचं नाव लक्षात राहतं. मेल लिहायची तर तीन ओळी पुरे: हाताला काय येतं, कुठल्या तारखांना मोकळे आहात, आणि दोन रेसच्या मधल्या दिवसांत वर्कशॉपवर येऊ शकता का. टीम तिसरी ओळच आधी वाचते. रेसच्या दिवशी यायला सगळेच तयार असतात.

कुठेच दाद लागली नाही तर मार्शल व्हा, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारे, अपघातात धावून जाणारे. बहुतेक ठिकाणी मार्शल हे स्वयंसेवकच असतात आणि प्रशिक्षण आयोजक देतात. गाडीच्या तपासणीत, म्हणजे स्क्रुटिनिअरिंगला, मदतनीस म्हणून लागलात तर आणखी चांगलं. एकाच सकाळी सगळ्या टीमच्या गाड्या बॉनेट उघडून समोर उभ्या असतात, आणि कोणाचं काम नीटनेटकं आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

वर्कशॉपवर पहिलं काम मिळेल ते गाडी धुण्या-पुसण्याचं. त्याला नाक मुरडू नका, कारण ही तपासणीच असते. सस्पेन्शनचे आर्म, वेल्डिंगचे जोड, ब्रेकच्या नळ्या, सगळं एका चिंधीने आणि एका टॉर्चने हात फिरवून बघायचं. स्टीलच्या जोडाला तडा गेला की तिथे आधी केसाएवढी तपकिरी रेघ दिसते. आत शिरलेल्या ओलाव्याचा तो गंज असतो. नळीवर धूळ एकाच जागी चिकटलेली दिसली तर तिथून काहीतरी पाझरतंय. स्वच्छ गाडीवर हे दिसतं, घाणेरड्या गाडीवर लपतं. काही सापडलं तर स्वतः खोलत बसायचं नाही. जागा दाखवायची, फोटो काढायचा आणि कामाच्या यादीत लिहायचं.

त्यानंतर येते नट-बोल्टची फेरी. प्रत्येक नट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराला, आवळला की त्यावरून बोल्टवर आणि शेजारच्या धातूवर रंगाच्या पेनाने एक रेघ मारतात. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. पण रेघ मारायची ती टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की आवाज देणारा पाना) 'टक' झाल्यावरच. आधी सगळ्यांवर रेघा मारून मग आवळत सुटणारा माणूस टीमला नको असतो. आत नायलॉनचं कडं असलेला नट एकदा काढला की नवा लावायचा, आणि बोल्टचे एक-दोन आटे त्या कड्याच्या बाहेर दिसले पाहिजेत. साधारण १२० अंशांपुढे ते नायलॉन नरम पडतं, म्हणून एक्झॉस्ट आणि ब्रेकच्या जवळ पूर्ण धातूचा लॉकनट वापरतात.

इथला एक नियम कुठे लिहिलेला नसतो, पण मोडला तर महागात पडतो. काम अर्धवट असताना कोणी हाक मारली तर ते अर्धवट दिसेल असं सोडून जायचं. नट बोटाने लावून ठेवायचा नाही. एक तर पूर्ण आवळा, नाहीतर काढून सीटवर ठेवा आणि स्टीअरिंगला चिठ्ठी बांधा. बोटाने लावलेला नट लांबून आवळलेल्या नटासारखाच दिसतो.

चाकांचंही तेच. पाच नटांच्या चाकाला समोरासमोरचे नट आळीपाळीने, चांदणीच्या आकारात आवळायचे. आधी जॅकवर असताना हलके, मग गाडी खाली टेकवून टॉर्क रेंचने पक्के. रस्त्यावरच्या गाडीवरून बनवलेल्या रेस गाड्यांना बहुधा १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतो, पण आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचाच धरायचा. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि रिममध्ये गंजाची खपली किंवा खडा राहिला तरी रेंचवर टॉर्क बरोबरच येतो. पण दोन लॅपमध्ये (ट्रॅकच्या फेऱ्यांत) ती खपली चिरडते आणि पकड सैल होते. म्हणून चाक चढवण्यापूर्वी दोन्ही बाजू पुसायच्या आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा टॉर्क बघायचा. आट्यांना सांगितल्याशिवाय तेल लावू नका. घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो दांडा, जास्त ताणला जातो. टॉर्क रेंचने नट सोडवायचे नाहीत, आणि काम संपल्यावर तो सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा. २०१८ साली मेलबर्नच्या फॉर्म्युला वन रेसमध्ये हास टीमच्या दोन्ही गाड्या चौथ्या-पाचव्या जागेवर पळत होत्या. पिट स्टॉपला नट आट्यांवर तिरपे चढले आणि थोड्याच अंतराने दोन्ही गाड्या बाद झाल्या. कामासाठी पगार घेणाऱ्या, रोज सराव करणाऱ्या माणसांचं हे झालं.

आता टायरची हवा. नवख्याच्या हातात लवकर येणारं आणि सगळ्यात जास्त शिकवणारं काम हेच. ड्रायव्हरला जी हवा हवी असते ती गरम टायरची, आणि तुम्ही भरता ती थंड टायरमध्ये. मधला हिशोब साधा आहे. २५ अंशांना २० पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा ८० अंशांवर गेली की गेज साधारण २६ दाखवतो. म्हणजे या पट्ट्यात दर १० अंशांना एक पीएसआयहून थोडा जास्त. सकाळी २० अंशांत भरलेला टायर दुपारी ३५ अंशांत न पळताच पावणेदोन पीएसआय जास्त दाखवेल. त्यात गाडीची एक बाजू उन्हात उभी असेल तर त्या बाजूचे दोन टायर आणखी वर. अशा वेळी चारही टायरना सारखा आकडा भरून 'झालं' म्हटलं तर ते खोटं ठरतं. टायर सावलीत ठेवा. ते शक्य नसेल तर कुठली बाजू किती वेळ उन्हात होती ते आकड्याशेजारी लिहा. भरायची हवा कोरडी असावी. ओलसर हवेतल्या पाण्याची तापल्यावर वाफ होते आणि हा हिशोब चुकतो. नायट्रोजन वापरायचं मुख्य कारण तेच.

गेज दिवसभर एकच ठेवा. दोन गेजमध्ये अर्ध्या-एक पीएसआयचा फरक असणं नेहमीचं, आणि कुठला खरा यावर वाद घालण्यात सेशन निघून जातं. गाडी पिटमध्ये थांबली की कोणी ड्रायव्हरशी बोलायला लागण्याआधी तुम्ही टायरपाशी बसलेले हवे. क्रम ठरलेला ठेवा. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने असेल तर डावे टायर जास्त राबतात, म्हणून पुढच्या डाव्यापासून सुरुवात. आकडा मोठ्याने सांगायचा, लिहिणाऱ्याने तो उलट म्हणून दाखवायचा, मग पुढचं चाक. हवा सोडायला सांगितली तर किती सोडली तेही लिहायचं, नाहीतर आधीच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

तापमान घेताना सुईचा पायरोमीटर दोन-तीन मिलिमीटर रबरात घालायचा, आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त, कडा जास्त गरम असतील तर हवा कमी. आतली कड फारच तापली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बघावा लागेल, पण तो निर्णय तुमचा नाही. इन्फ्रारेड गन फक्त वरची कातडी वाचते, आणि ती पिटपर्यंत येईतो गार झालेली असते.

ब्रेक ब्लीड करताना, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना, नवख्याला पेडलवर बसवतात. सोपं वाटतं, आणि चूक इथेच होते. चाकापाशी निप्पलवर (हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) बसलेल्याला तुमचा पाय दिसत नाही, तुमचा शब्द ऐकू येतो. पेडल दोन-तीनदा सावकाश दाबून धरायचं आणि म्हणायचं, "दाबलंय." तो निप्पल पाव फेरा उघडतो, पेडल खाली जातं, तरी पाय काढायचा नाही. निप्पल बंद करून तो "सोड" म्हणेल तेव्हाच सोडायचं आणि "सोडलं" म्हणायचं. एक क्षण आधी पाय उचलला की उघड्या निप्पलमधून हवा आत ओढली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून. जुन्या मास्टर सिलिंडरवर (पेडलने ढकलला जाणारा ब्रेकचा पंप) पेडल पार तळापर्यंत जाऊ देऊ नका. आतल्या सीलचा तिथे एरवी वावर नसतो आणि तिथल्या गंजावर ते फाटतं, म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतात. दर पाच-सहा दाबांनंतर टाकीची पातळी बघायची. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर मानकाप्रमाणे १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून उघडलेली बाटली पुढच्या रेसला वापरत नाहीत. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

इंधनाच्या जवळ पहिल्या दिवशी जायचंच नाही, आणि गेलात तर तुमची जागा अग्निशामक नळकांडं धरून उभं राहण्याची. पिन कशी काढतात हे आधी बघून ठेवा. मात्र हिशोब शिकून घ्या: एका लॅपला किती लिटर, गुणिले लॅप, अधिक ग्रिडवर (रेस सुटते त्या जागेवर) जाण्याची आणि परत येण्याची लॅप, अधिक तपासणीसाठी उरायला हवं ते. हे शेवटचं विसरलं तर सगळी रेस वाया जाते. २०२१ साली हंगेरीच्या फॉर्म्युला वन रेसमध्ये ड्रायव्हर फेटेलचा दुसरा क्रमांक गेला तो टाकीतून एक लिटरचा नमुना निघाला नाही म्हणून. वजनाचंही तसंच. २०२४ साली बेल्जियमची फॉर्म्युला वन रेस जिंकलेल्या रसेलची गाडी दीड किलोने कमी भरली आणि विजय काढून घेतला गेला. तुमच्या टीमची गाडी क्लब रेसमधली असली तरी वजनकाटा तितकाच निष्ठुर असतो.

हे सगळं ज्या कागदावर उतरतं तो सेशन शीट मिळाला तर सोडू नका. हवामान, ट्रॅकचं तापमान, गाडी बाहेर जाताना आणि आत येताना टायरमधली हवा, भरलेलं इंधन, लॅप, आणि ड्रायव्हरचं बोलणं त्याच्याच शब्दांत. 'अंडरस्टीअर' (स्टीअरिंग फिरवूनही गाडी पुरेशी न वळणं) असं तुम्ही लिहू नका. तो "तिसऱ्या वळणाला आत शिरताना नाक जात नाही" म्हणाला असेल तर तेच लिहा. आत शिरताना आणि बाहेर पडताना, या दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात. डॅम्परचे (शॉक अब्सॉर्बरचे) क्लिक, म्हणजे त्याच्या स्क्रूचे टप्पे, पूर्ण बंद स्थितीपासून मोजून लिहितात. मध्येच विसरलात तर अंदाजाने आकडा टाकू नका, पुन्हा बंद करून मोजा. तो कागद टीमचा असतो. त्याचा फोटो मोबाइलवरून कुठे गेला तर तुम्हीही बाहेर जाता. स्वतःच्या वहीत मात्र रोज काय केलं, कोणाच्या देखरेखीखाली केलं, हे लिहून ठेवा. पुढे काम मागताना 'रेसिंगची आवड' या शब्दांपेक्षा ती वही उपयोगी पडते.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. सिंथेटिक कापड आगीत वितळून अंगाला चिकटतं. बूट बंद, अंगठी-घड्याळ काढून खिशात. जॅकवरच्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हातसुद्धा घालायचा नाही, कोणी कितीही घाई केली तरी. पिट लेनमध्ये वयाची अट असते आणि सही करून पास घ्यावा लागतो, ते आधी विचारा. २०१३ साली जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकवर निसटलेलं चाक एका कॅमेरामनला लागलं, त्याची हाडं मोडली, आणि त्यानंतर पिट लेनमध्ये कोणी उभं राहायचं याचे नियम कडक झाले. गाडी आत येत असेल तर तिच्याकडे पाठ करून उभं राहू नका.

फुकट म्हणजे किती फुकट, हेही बोलून घ्या. पगार नाही हे ठीक. पण प्रवास, राहणं आणि जेवण टीम बघते का, आणि आयोजकांच्या विम्यात तुमचं नाव येतं का, हे पहिल्याच भेटीत विचारण्यात काही गैर नाही. विम्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर जाऊ नका. तीन-चार रेस झाल्या की मुख्य मेकॅनिककडे एक नेमकं काम मागा: "पुढच्या वेळी पुढची दोन चाकं मी करू का? टॉर्क तुम्ही तपासा." 'काहीतरी मोठं काम द्या' म्हणणाऱ्याला द्यायला त्याच्याकडे काही नसतं. अर्धा सीझन उलटूनही हातात फक्त चिंधीच असेल तर दिवस संपल्यावर, गाडी ट्रकमध्ये चढल्यावर, शांतपणे विचारा. तरी काही हललं नाही तर ठरवलेल्या तारखा पुऱ्या करा आणि एन्ट्री लिस्टवरच्या पुढच्या टीमला मेल करा. मधेच न सांगता गायब होऊ नका, कारण पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या तळावर, सगळे एकमेकांना ओळखतात आणि पुढची टीम आधीच्या टीमला फोन करून तुमच्याबद्दल विचारतेच.