जुनी पिकअप घेताना : केबिन, हौदा आणि आरसीवरची नोंद

गिरणारे परिसरातील आमच्या शेतातला टोमॅटो पंचवटीच्या बाजार समितीत भाड्याच्या गाडीने जात असे. ऐन हंगामात गाडी वेळेवर मिळत नाही, मिळाली तर भाडे वाढलेले असते आणि मजुरांना आणण्या-सोडण्याची व्यवस्था पुन्हा वेगळी करावी लागते. म्हणून आठ-दहा वर्षे वापरलेली पिकअप घ्यावी, असे थोरल्या बंधूंनी आणि मी ठरवले. गाडी कोणत्या कंपनीची घ्यावी यावर आमचा फारसा खल झाला नाही. महिंद्राची बोलेरो सातपूरच्या कारखान्यात बनते, तिच्यावर नाशिकच्या मिस्त्र्यांचा हात बसलेला आहे आणि सुटे भाग कुठेही मिळतात. खरा वाद होता तो सिंगल केबिन घ्यायची की डबल केबिन, म्हणजे आठ फुटी हौद्याची पिकअप की चार दरवाज्यांची कॅम्पर, यावर.

बंधूंचे म्हणणे असे की गाडी मालासाठी घ्यायची, तेव्हा हौदा मोठाच हवा. मी टेप घेऊन दोन्ही प्रकारच्या गाड्यांचे हौदे आतून मोजले. सिंगल केबिनचा हौदा आठ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद भरला, तर कॅम्परचा जेमतेम पावणेपाच फूट लांब आणि पाच फूट रुंद. आमचा वीस किलोचा टोमॅटोचा क्रेट साधारण 54 सेंटिमीटर लांब आणि 36 सेंटिमीटर रुंद असतो. मोठ्या हौद्यात तो आडवा लावला की एका थरात 18 क्रेट बसतात. कॅम्परमध्ये 8 क्रेट उभे लावायचे आणि उरलेल्या पट्टीत 2 आडवे सरकवायचे, म्हणजे एका थराचे 10 होतात. एवढ्यावरून पाहिले तर मोठा हौदा जवळजवळ दुप्पट माल नेतो. पण चार थर रचले की त्याचे 72 क्रेट होतात, म्हणजे नुसता टोमॅटोच 1440 किलो, आणि आम्ही पाहत होतो त्या पिकअपची कागदोपत्री क्षमता सव्वा टनाच्या आसपास होती. म्हणजे कायद्याने तीनच थर, 54 क्रेट. कॅम्परमध्ये मात्र चार थरांचे 40 क्रेट रिकाम्या क्रेटचे वजन धरूनही तिच्या सुमारे एक टनाच्या मर्यादेत राहतात. फरक उरला चौदा क्रेटचा. कोथिंबीर, फ्लॉवर किंवा झेंडू यांसारखा हलका आणि जागा खाणारा माल असता, तर मी बंधूंच्या बाजूने गेलो असतो. ठिबकचे वीस फुटी पाइप दोन्ही हौद्यांत मावत नाहीत. ते वर्षातून एखाद्या वेळी लागतात आणि त्यासाठी टेम्पो सांगता येतो.

उलट मजूर रोजचे. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसवून नेणे हे आपल्याकडे सर्रास दिसते; परंतु ते नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते. कॅम्परच्या आरसीवर चालकासह पाच जणांची आसनक्षमता असते, तेव्हा निदान चार माणसे छपराखाली, सीटवर बसून येतात. हा मुद्दा आमच्या मातोश्रींनी उचलून धरला आणि वाद मिटला. (अमेरिकेत या दोन्हींच्या मधली, पुढच्या सीटमागे थोडी जागा असलेली वाढीव केबिनही सर्रास मिळते; आपल्याकडच्या जुन्या बाजारात ती शोधत बसण्यात अर्थ नाही.)

गाड्या पाहायला लागलो तेव्हा निराळीच गोष्ट समोर आली. द्वारका परिसरात एका दलालाने दाखवलेली डबल केबिन किमतीला चांगली होती आणि रंगही ताजा होता. ड्रायव्हरच्या सीटमागचे रबरी मॅट उचलले, तर पत्र्यावर आडवी वेल्डिंगची रेघ होती आणि तिच्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला होता. मागच्या दरवाज्यांच्या काचांवरचा छाप पुढच्या काचांशी जुळत नव्हता. आरसी मागितली, तर त्यावर आसनक्षमता दोन! मूळची सिंगल केबिन कापून, दुसऱ्या गाडीचे मागचे दरवाजे जोडून, हौदा आखूड केलेला होता. "भाऊ, पासिंग होऊन जातं, काळजी करू नका," असे त्याने सांगितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले आहे. शिवाय अशा जोडकामाची ताकद किती, हे कोणीच सांगू शकत नाही. आम्ही चहा न घेता निघालो.

त्यानंतर गाडी पाहण्याचा आमचा क्रमच बदलला. आधी आरसी हातात घ्यायची. बॉडीचा प्रकार, आसनक्षमता, रिकाम्या गाडीचे वजन, एकूण वजन आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) समोरच्या गाडीशी ताडून पाहायचे आणि मगच बॉनेट उघडायचे. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी यात एक भर घातली, ती म्हणजे हौद्याखाली झोपून पाहणे. खत आणि ओल्या भाजीचे पाणी झिरपून हौद्याखालचे आडवे चॅनेल आतून गंजतात, वरून पत्रा मात्र धड दिसतो. ते हातोडीने एकेक चॅनेल ठोकत गेले. जिथे आवाज बद्द आला तिथे पेचकस सहज आत गेला. फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, बिजागऱ्या आणि मागचे पाटेही (स्प्रिंगच्या पट्ट्या) त्यांनी तितक्याच बारकाईने पाहिले. गाडीने सतत जास्त माल ओढला असेल तर पाट्यांचा बाक गेलेला असतो.

शेवटी पसंत पडलेली कॅम्पर नगर पासिंगची, एमएच 16 ची, 2014 सालची होती. एका वित्तसंस्थेचा बोजा तिच्यावर अजून नोंदलेला होता. तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, हे आम्ही आधीच लिहून घेतले. विक्रेत्याने फॉर्म 35 आणि कर्ज फिटल्याचे पत्र देऊन नोंद काढली, थकलेली ई-चलने भरली आणि फॉर्म 28 वर ना-हरकत घेतली. पुढे नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत मालकी हस्तांतराचे फॉर्म 29 आणि 30, विमा, पीयूसी आणि फिटनेस अशी कागदपत्रे दिली. चेसिस नंबरचा ठसा घेण्यासाठी नंबरावरचा चिखल आणि ग्रीस डिझेलच्या फडक्याने पुसावे लागते, नाहीतर पेन्सिल कितीही घासली तरी आकडे उमटत नाहीत. राज्य तेच असल्याने नंबर बदलला नाही. खरेदीदाराने हस्तांतर 30 दिवसांत कळवायचे असते, आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करायचा असतो. या दुसऱ्या मुदतीकडे बहुतेकांचे लक्ष नसते. गाडी आठ वर्षांवरची असल्यामुळे पर्यावरण कर भरावा लागला आणि पासिंग आता दरवर्षी करावे लागेल. एकूण वजन 3000 किलोंच्या आत असल्याने मालवाहतुकीचा परवाना मात्र लागत नाही.

डबल केबिनची एक खोड वापरताना कळते. केबिन लांब असल्याने आखूड हौदा बराचसा मागच्या आसावर आणि त्याच्याही मागे येतो. सगळे वजन फाळक्याकडे गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटू लागते. पेठकडे सावळ घाटात हे स्पष्ट जाणवते. म्हणून भरलेले क्रेट आम्ही केबिनला चिकटवून रचतो आणि रिकामे क्रेट फाळक्याच्या बाजूला ठेवतो.