सातपायरीचा घाट आणि टाचेचा फोड

नंदुरबार जिल्ह्यातल्या, सातपुड्याच्या माथ्यावरच्या तोरणमाळची शिवरात्र म्हटली की लोक गोरखनाथाच्या रांगेचं सांगतात, यशवंत तलावाचं सांगतात. पायी जाणाऱ्याच्या लक्षात राहतो तो त्याआधीचा सातपायरीचा घाट. शहादा, म्हसावद, राणीपूर कधी आलं, कधी गेलं, कळत नाही. डांबर, उसाच्या ट्रॉल्या, फराळाचे मंडप, भगवे झेंडे, मागून-पुढून ‘अलख निरंजन’, आणि काल कुठे पाठ टेकली होती हेही आज नीट सांगता येत नाही. केळी-पपईची शेतं संपून सागाची वाळली पानं पायाखाली वाजायला लागली की सातपुडा आला. काळापाणी गावाच्या पुढे खरी चढण.

ही चढण पहाटे पाचच्या आत धरावी. घाट सातपुड्याच्या दक्षिण अंगाने चढतो, त्यामुळे माघातलं ऊन सकाळपासूनच अंगावर येतं आणि अकराच्या पुढे कातळ खालून भाजायला लागतो. माणशी दोन लिटर पाणी खालूनच भरून घ्यावं. उपवासाला सैंधव चालतं, ते जवळ असावंच. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. दर पाऊण तासाला थोडं थोडं. मांडीत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याला लोक उपवासाचा कस म्हणतात. ते बरेचदा घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ असतं. साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन घाट चढवत नाही. रताळं, केळी, खजूर बरे. आणि गती एवढीच ठेवावी की जयकाराला जयकार देता आला पाहिजे. आवाज फुटेना झाला की चाल कमी करायची.

वळणावळणाचा रस्ता सोडून मधून पायवाटा वर जातात. पोरं त्यांनीच पळतात. त्यांवर भुरभुरीत मुरूम आणि त्यावर सागाची मोठी सुकी पानं. पान घसरतं, खालचा मुरूमही घसरतो. चढताना हाताला धरायला झाडं तरी आहेत, उतरताना त्या वाटेला जाऊच नये.

फोड येतो तो दुपारी, वरची वळणं दिसायला लागली की. पहाटे थंड पाण्याने पाय धुतलेले असतात, ते पुरते कोरडे न करता मोजे चढवलेले असतात, त्यात रस्त्याची बारीक धूळ. ओली कातडी मऊ पडते, घासली की वरचा थर सुटतो, मध्ये पाणी भरतं. नवा बूट असेल तर टाच, सैल असेल तर चवड्याखालची गादी. अनवाणी नवस असणाऱ्यांचं दुखणं वेगळं. त्यांना डांबराचा चटका बसतो. ते कडेच्या मातीतून चालतात, तर तिथे बाभळीचे काटे. अशा माणसाच्या मागून गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून येतो तेव्हा देवाचं नाव तोंडात असूनही चीड येते.

अशाच एका वळणावर, पळसाखाली, शिरपूरकडच्या एक आजी माझ्यासमोर येऊन बसल्या. ओळख ना पाळख. “भाऊ, बठ आठे. बूट काढ, पाय दखाड.” पिशवीतून चोळखणाची गुंडाळी काढली, तिच्यात सुई खोचलेली. काडी पेटवून सुईचं टोक लाल होईपर्यंत धरलं आणि निवू दिलं. काजळी स्वच्छ फडक्याने पुसली. फोड आधी पाण्याने धुतला, कोरडा केला. मग सुई आडवी धरून फोडाच्या कडेला, खालच्या बाजूला दोन ठिकाणी टोचलं, मधोमध नाही. फडक्याने हलकं दाबत पाणी बाहेर काढलं. वरची कातडी तशीच ठेवली. “कातडं वढजो नको,” दोनदा म्हणाल्या. ती सुटी कातडीच खालच्या लाल मांसाचं पांघरूण असते. ती सोलली की चालणं तिथेच संपलं. शेजारचे एक बाबा हळद-तेल पुढे करत होते, त्यांना आजींनी हातानेच थांबवलं. तेलाने कातडी आणखी मऊ पडते आणि वर पट्टी धरत नाही. कोरडी पट्टी, एकही चुणी न ठेवता, तळव्याखालून वरपर्यंत ओढून लावली. मग माझे मोजे उलटे करून झटकले, त्यातून खडा निघाला.

फोडातून दोरा ओवून तो तसाच ठेवायची रीत खूप ठिकाणी आहे. पाणी निथळतं खरं, पण त्याच दोऱ्यावरून घाणही आत जाते. रक्ताचा फोड टोचूच नये, आणि साखरेचा आजार असलेल्याने कुठलाच फोड स्वतः टोचू नये. आजींनीही तेच आधी विचारलं होतं, “साखर शे का?” पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला होता. नमस्काराला वाकलो तर उठून चालायलाही लागल्या, अनवाणी.

वाटेतल्या नागार्जुनाच्या देवळाला हात जोडून पुढे. पठारावर आलं की वारा लागतो आणि उंचवट्यावरून यशवंत तलाव सगळा दिसतो, हिरवट, काठाला यात्रेकरूंची पालं आणि धूर. तिथे ओला सदरा आधी बदलावा. तोरणमाळ १,१०० मीटरहून उंच आहे. हजार मीटर चढलं की हवेचं तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं, आणि घामाच्या कपड्यांवर तो वारा छातीत बसतो. रात्री जागराला घोंगडीच लागते, शालीने भागत नाही.

दर्शन झालं. बेल वाहिला, नारळ फोडला, धुनीची राख कपाळाला लावली. रांगेत कुणीतरी डीजे लावून गाडी उभी केली होती, त्यात पावरा आदिवासी मंडळींची पावरी, म्हणजे त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, ऐकू येईना. ती ऐकायला मिळावी म्हणून तरी तो आवाज बंद करायला हवा होता. तलावाच्या काठाला पाण्याच्या पिशव्यांचा खच. नाथांच्या दारात असं टाकवतं कसं?

परतीला एसटी असते, ती घ्यावी. ज्याला पायीच उतरायचं आहे त्याने घोट्याजवळ नाडी घट्ट आवळावी, बोटांकडे सैल ठेवावी. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा टोकावर आदळत राहतो. नखं तीन-चार दिवस आधी सरळ कापलेली असावीत. कोपऱ्यात गोल कापली तर मांसात रुततात. पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, काठी उताराच्या बाजूला. इतकं करूनही नख काळं पडलं तर ओढू नये. अंगठ्याचं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणजे पुढच्या शिवरात्रीला बूट अर्ध्या आकड्याने मोठा घ्यावा आणि तो महिनाभर आधीपासून रोज घालून चालावा.