पडद्याच्या कोपऱ्यातली सही

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे. दुकान म्हणते ते सवयीने. पाटीवर आता 'ब्रँडिंग अँड डिझाइन' असं लिहिलंय, पाच माणसं संगणकापुढे बसतात, कोकम सरबतापासून होम-स्टेपर्यंत लोकांची बोधचिन्हं, लेबलं, पाट्या करून देतात. पण मूळचं हे बाबांचं पेंटरचं दुकान. नावही तेच ठेवलंय, बाबांचं नाव आणि पुढे 'आर्ट्स'.

२०२२ च्या दिवाळीत एका अनोळखी माणसाचा फोन आला. "ताई, तुमच्याकडून बोर्ड नेला, दोन महिन्यांत रंग उडाला." आम्ही तो बोर्ड केलेलाच नव्हता. घाटावर कुणीतरी याच नावाने फ्लेक्सचं दुकान टाकलं होतं. त्या रात्री ठरवलं, ट्रेडमार्क करून टाकायचा. गिऱ्हाइकांना 'आधी नाव रजिस्टर करा' हे मी दहा वर्षं सांगत आलेय; स्वतःचं तेवढं राहिलं होतं.

अर्ज सोपा आहे. टीएम-ए नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. लघुउद्योगाची 'उद्यम' नोंदणी असेल तर व्यवसायाच्या एका वर्गाचे साडेचार हजार, मोठ्या कंपनीला नऊ. जाहिरातीचं काम ३५ व्या वर्गात आणि डिझाइनचं ४२ व्या, म्हणून आमचे नऊ हजार झाले. पाऊण तासात सगळं उरकत आलं आणि एका रकान्यापाशी गाडी अडली : हे नाव कधीपासून वापरता?

वकील म्हणाले, "'पुढे वापरणार आहोत' असं टाका, कटकट नको." पण मला नेमकी तारीखच हवी होती. ट्रेडमार्क कायद्याच्या ३४ व्या कलमात आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क राखून ठेवलाय. उद्या घाटावरचा 'मीच जुना' म्हणाला तर माझ्या हातात काय? मात्र तारीख टाकायची, तर २०१७ च्या नियमांप्रमाणे प्रतिज्ञापत्र करावं लागतं आणि त्याला पुरावे जोडावे लागतात.

"चौऱ्याऐंशी. टाक की," बाबा म्हणाले.

"कागद?"

बाबांनी दुकानाच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पाण्याची रेघ अजून दिसते. त्या दिवशी वाशिष्ठीच्या पुराने बिलबुकं नेली, शॉपॲक्टचा कागद नेला, बाबांच्या अक्षरांच्या वह्या नेल्या आणि १९९८ साली घेतलेला पहिला संगणकही. तो वाचला असता तरी फार उपयोग नव्हता म्हणा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधलं मराठी आज उघडलं की नुसती रोमन अक्षरांची भेळ दिसते. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जुन्या स्मरणिका चाळाव्यात म्हटलं, तर १८६४ पासूनच्या त्या वाचनालयातही पुराचं पाणी शिरलेलं.

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आपल्याकडचं गेलं, पण ज्यांचं काम केलं त्यांच्याकडे काही असेल! पुढचे दोन महिने रविवारी मी, बाबा आणि स्कूटर.

गुहागरकडच्या एका बागायतदारांच्या पडवीत आंब्याच्या पेटीचा मार्का सापडला. लाकडी पेट्या वाशीला जायच्या तेव्हाचा, पत्रा कापून केलेला. 'ब'चं पोट सुटून पडू नये म्हणून बाबांनी मध्ये बारीकशी पट्टी सोडलेली. कडांना तेलकट काळ्या रंगाचे इतके थर, की छिद्रं अर्धी बुजली होती. दोन अक्षरांचा हा पत्रा. मार्केटात व्यापारी तेवढ्यावरून बाग ओळखायचे. आज हेच काम आम्ही 'ब्रँड आयडेंटिटी' म्हणून करतो आणि पंधरा पानांचं प्रेझेंटेशन देतो. पुरावा म्हणून मात्र पत्रा बिनकामाचा. त्यावर मालकाचं नाव होतं, करणाऱ्याचं नव्हतं.

सगळीकडे हेच. पाट्या उतरलेल्या, भिंती पुन्हा रंगवलेल्या, ज्या कुणी जपून ठेवल्या त्यांवर आमचं नाव नाही. बिल देण्याची पद्धतच नव्हती. पाटी लागली की पैसे आणि चहा.

शेवटी बाबांनाच आठवलं, "अगो, नमनाचा पडदा!" नमन म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, त्यातल्या राजदरबाराचा रंगवलेला पडदा. गावाचं नाव आठवायला आणखी एक आठवडा गेला. देवळाच्या माळ्यावर बांबूला गुंडाळून ठेवलेला पडदा तिथल्या नमन मंडळाच्या तात्यांनी दोन पोरांकडून खाली उतरवला आणि सभामंडपात उलगडला. राजवाड्याचे खांब, मागे डोंगर, डोंगराच्या वर जरा जास्तच निळं आभाळ. उंदरांनी एक खांब खाल्लेला. मी गुडघ्यांवर बसून कोपरा पुसला. उजवीकडे, खाली, पिवळ्या रंगात : बाबांचं नाव, आर्ट्स, चिपळूण, १९८७.

बाबा सहीकडे बघतच नव्हते. "आभाळ खराब झालं होतं. निळा कमी पडला, दुसऱ्या डब्यातला मिसळला," म्हणाले. तात्यांनी मंडळाची जमाखर्चाची वही काढली. त्याच वर्षात 'पडदा रंगवणे' अशी नोंद होती. पडद्याचे आणि नोंदीचे फोटो, तात्यांचं पत्र, बाबांचं शंभराच्या स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं जोडून अर्ज गेला.

एक घोळ मीच घातला होता. पडद्यावरच्या सहीत शिरोरेषा उजवीकडे जराशी चढते. २०१९ मध्ये मी ती सरळ करून नवा लोगो काढला होता, आणि पुरावा होता जुन्या वळणाचा. वकिलांनी सुचवलं, चित्र नको, नुसतं शब्दचिन्ह घ्या, मग वळण कुठलंही चालेल. बाबांना विचारलं, रेघ का चढते? "शिडीवर उभं राहून लिही, मग कळेल."

काही महिन्यांनी ट्रेडमार्क कार्यालयाचा तपासणी अहवाल आला, ११ व्या कलमाखाली आक्षेप : मिळतीजुळती दोन नावं आधीच नोंदलेली. उत्तराला एक महिना. पडद्याचा फोटो पुन्हा कामी आला, तरी सुनावणी लागली. ती व्हिडिओवर, दहा मिनिटांत संपली. त्यातली चार आमच्या नेटवर्कने खाल्ली. (अर्जाची पावती मिळाली म्हणजे नावापुढे गोलातला 'आर' लावता येतो असं पुष्कळांना वाटतं. प्रमाणपत्राआधी तो लावणं बेकायदेशीर आहे, तोवर 'टीएम' लावायचा. गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर आम्हीही सरबताच्या एका लेबलावर तो लावला होता. ती हजार लेबलं नंतर आमच्या खर्चाने बदलून दिली.)

मग नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं. त्यानंतर हरकतींसाठी चार महिने थांबायचं. कुणी हरकत घेतली नाही, घाटावरच्यानेही नाही. आता प्रमाणपत्र आलंय, दहा वर्षांसाठी.

जर्नलमधलं ते पान मी छापून बाबांना दिलं होतं. चष्मा लावून त्यांनी वरून खालपर्यंत वाचलं आणि तारखेवर बोट ठेवलं.

"सत्त्याऐंशी?"

"त्याच्या आधीचं काही मिळालंच नाही ना."

"आणि तीन वर्षं हर्णैला होड्यांवर नावं लिहिली, ती?"

"पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की दरवर्षी नवा रंग चढतो, बाबा. जुनं कुठे राहणार?"

त्यांनी कागदाची घडी घातली. "तो पण मीच चढवायचो," म्हणाले.