तुम्ही विचारलंत म्हणून: तुर्कस्तानचं भिजत घोंगडं

जर्मनीत राहतो म्हटल्यावर पुण्याला गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, अरे त्या तुर्कस्तानला युरोपियन युनियनमध्ये घेत नाहीत ते मुसलमान देश म्हणूनच ना, आणि तुला काय वाटतं, घ्यावं का? दरवेळी अर्धवट उत्तर देऊन सुटतो, म्हणून आता लिहूनच टाकतो.

धर्म आड येतो, खोटं कशाला बोलू. फ्रान्सचे माजी अध्यक्ष जिस्कार देस्तँ तर २००२ मध्ये उघडच बोलले होते की तुर्कस्तान आत आला तर युरोप संपला. पण नुसता धर्म म्हणाल तर अल्बानियाही मुस्लिमबहुल आहे आणि त्यांच्याशी २०२२ पासून बोलणी चालू आहेत, फक्त तो देश छोटासा, आणि तुर्कस्तान म्हणजे साडेआठ कोटी लोक, जर्मनीपेक्षा जास्त, आणि युनियनमध्ये मतांचं वजन लोकसंख्येवर ठरतं, मग पोटात गोळा येणारच ना.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते सायप्रसचं, ग्रीक आणि तुर्की अशा दोन भागांत तुटलेल्या बेटाचं. एप्रिल २००४ मध्ये बेट एक करायचं की नाही यावर दोन्ही बाजूंनी मतदान झालं, तुर्की भागातल्या ६५ टक्के लोकांनी हो म्हटलं, ग्रीक भागातल्या ७६ टक्के लोकांनी नाही, आणि आठवड्याभरात, १ मे ला, युनियनमध्ये जाऊन बसले कोण तर नाही म्हणणारे! वर तुर्कस्तानला अडवायचा व्हेटो त्यांच्या हातात. (१९७४ ला तुर्कस्ताननेच तिथे सैन्य घुसवलं होतं, तेही विसरू नका.) तुर्कस्तानशी बोलणी २००५ ला सुरू झाली, ३५ प्रकरणांपैकी (प्रकरण म्हणजे बोलणीतला एकेक विषय) उघडली १६ आणि पूर्ण झालं एकच, विज्ञान आणि संशोधनाचं, २००६ मध्ये. बस्स.

त्या वेळी तुर्कस्तानला मनापासून घ्यायला हवं होतं असं माझं मत. फाशी रद्द केली होती, सरकारी टीव्हीवर कुर्दी कार्यक्रम सुरू झाले होते, लोकांना हुरूप होता. आज मात्र मी नाही म्हणेन, २०१६ च्या फसलेल्या बंडानंतर न्यायाधीश काय, पत्रकार काय, ज्या प्रकारे आत टाकले ते बघता.

आमच्या गल्लीतल्या तुर्की भाजीवाल्याला एकदा हेच विचारलं. जर्मन पासपोर्टवाला माणूस तो, म्हणाला मी तर कधीचाच आत आलोय, आणि कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.