कोड ९७

सर्वेक्षणाच्या धंद्यात सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे खुल्या उत्तरांचं कोडिंग. "आज देशापुढचा सर्वांत मोठा प्रश्न कोणता?" असं विचारायचं, माणूस बोलेल ते शब्दशः उतरवायचं, आणि मग माझ्यासारख्याने त्या वाक्याला आकडा चिकटवायचा. महागाई ०४, बेरोजगारी ०७, आरोग्य २१. जनमत चाचण्या घेणाऱ्या अमेरिकेतल्या गॅलपच्या संस्थेने १९३०च्या दशकात हा प्रश्न विचारायला घेतला. तेव्हापासून देशोदेशी आकडे चिकटवणारे बसलेले आहेत.

आमच्याकडे प्रत्येक गठ्ठा दोघं स्वतंत्रपणे कोड करतात आणि दोघांचं किती जुळलं ते कोहेनच्या कप्पाने मोजतात. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेलं हे माप योगायोगाने जुळलेलं बाजूला काढतं, त्यामुळे आळशी कोडिंग लगेच उघडं पडतं. त्या दिवशी एका भागाच्या गठ्ठ्यात आमचा कप्पा साफ आपटला.

"हे बघा," माझ्या जोडीला कोडिंग करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "'दवाखाना आहे पण डॉक्टर बसत नाही.' तुम्ही आरोग्य दिलंय, मी प्रशासन."

त्यावर आमची तासभर घासाघीस झाली. निकाल लागेना म्हणून मी त्या भागाची सगळी उत्तरं वस्तीवार लावून बघितली, आणि डॉक्टर, औषधं, रांगा हे विषय बाजूलाच राहिले. दवाखान्याबद्दल कुरकुरणारे बहुतेक सगळे दवाखाना असलेल्या वस्तीतले होते. पलीकडच्या वस्त्यांत दवाखाना कधी झालाच नव्हता, आणि तिथल्या उत्तरांत त्याचं नावही नव्हतं. तिथे ओळीने ९७. म्हणजे 'काही प्रश्न नाही'.

मला पहिला संशय आला तो अर्थातच लबाडीचा. घरबसल्या फॉर्म भरणारी पोरं आम्ही पाहिलेली आहेत. मुलाखतकाराला फोन लावला. "खरंच गेला होतास ना रे?"

तो दुखावला. "गेलो होतो सर. एक आजी अर्धा तास सुनेच्या बाळंतपणाचं सांगत होत्या. रात्री निघाले, पोचले तेव्हा उजाडलं होतं. मी म्हटलं, मग हाच प्रश्न लिहू का? तर म्हणाल्या, हा कसला देशाचा प्रश्न, हे आपलं नशीब. म्हणून 'काही नाही' लिहिलं. उत्तरदात्याच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत."

नियमाने त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत सॅम्युएल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असंच कोडं पडलं होतं. हवाई दलात बढत्या भराभर मिळत, तरी बढत्यांवर नाराजी तिथेच जास्त. लष्करी पोलिसांत बढती दुर्मीळ, आणि कुरकुर कमी. हे मी प्रशिक्षणात कितीदा सांगितलं असेल! पण समोर गठ्ठा असताना मला आठवली ती लबाडी.

याच प्रश्नावलीत मूल्यांचाही एक प्रश्न होता, १९८१पासून चालत आलेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणाच्या धर्तीवरचा: मुलांना घरी कोणते गुण शिकवावेत? यादीतले जास्तीत जास्त पाच निवडा. दोन्हीकडच्या लोकांनी जवळपास तेच निवडले होते. मेहनत, जबाबदारी, आज्ञाधारकपणा. तेवढंच पाहिलं असतं तर या वस्त्या एका विचाराच्या आहेत असं मी बेधडक लिहिलं असतं. फरक होता तो कशाला 'नशीब' म्हणायचं आणि कशाला 'प्रश्न' यात. डॉक्टर बसत नाही म्हणणारा, डॉक्टरने बसायलाच हवं हे धरून चाललेला असतो. मूल्यांच्या यादीपेक्षा अशा तक्रारीवर माझा जास्त विश्वास आहे. (एका गठ्ठ्यावरून एवढं म्हणणं संख्याशास्त्रात बसत नाही, हे मलाही कळतं.)

मी ९७ फोडायचं सुचवलं. ९८ नवा कोड: 'प्रसंग सांगितला, पण प्रश्न मानला नाही'. मॅडमनी एकच विचारलं, "बाकीच्या गठ्ठ्यांत हे ओळखणार कसं?" या पोराला आजी आठवत होत्या म्हणून कळलं. इतरांच्या फॉर्मवर नुसतं 'काही नाही' होतं.

तेव्हा ९७ तसाच राहिला, आणि अहवालात दवाखान्याची वस्ती असमाधानी, बाकीच्या समाधानी दिसल्या. पुढच्या फेरीच्या सूचनांत मी एक ओळ घातली: '९७ लिहिण्याआधी उत्तरदात्याने सांगितलेलं सगळं समासात उतरवा.' समास अर्ध्या इंचाचा आहे. तो वाढवून मागितलाय.