पातळ पत्रा कापताना ग्राइंडर सर्वांत शेवटी

पत्रा कापायचा म्हटले की बहुतेकांचा हात आधी अँगल ग्राइंडरकडे जातो, कारण तो जवळ असतो आणि १ मिमी जाडीची कटिंग डिस्क लावली की काम झपाट्याने उरकते. तरीही जस्ताचा मुलामा किंवा रंगाचा थर असलेल्या पत्र्यावर मी तो चालवत नाही. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि डिस्कच्या घर्षणाने कडेलगतचा मुलामा सहज जळतो. त्याहून वाईट म्हणजे ठिणग्यांमधले लोखंडाचे तापलेले कण आसपासच्या पृष्ठभागात रुतून बसतात. काही दिवसांनी ओल लागली की चांगल्या पत्र्यावरही तांबूस ठिपके उठतात आणि ते पुसून जात नाहीत.

सरळ कापासाठी विजेवरची कातर मला सर्वांत समाधानकारक वाटते. तिच्या तीन पात्यांच्या प्रकारात दोन स्थिर पात्यांमधून तिसरे पाते वर-खाली होते, पत्र्याची एक अरुंद पट्टी गुंडाळी होऊन समोर निघत राहते आणि दोन्ही बाजू सपाट राहतात. मात्र त्या पट्टीची रुंदी आखणीतच धरावी लागते आणि रेषेच्या टाकाऊ बाजूनेच कातर चालवावी लागते. दोन पात्यांच्या कातरीत पत्रा वाया जात नाही, पण एक कड थोडी वाकते.

वळणे आणि पन्हळी पत्रा यांसाठी निबलरला, म्हणजे पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राला, तोड नाही. त्यातला छोटा पंच (ठोकून भोक पाडणारा दांडा) पत्र्याचा एकेक तुकडा डायमधून, म्हणजे खालच्या भोकाच्या साच्यातून, खाली पाडत पुढे सरकतो. त्यामुळे पत्रा तापत नाही, पिळवटत नाही आणि पन्हळीचा चढउतारही बिनबोभाट पार होतो. कडेपासून नव्हे तर पत्र्याच्या मधूनच कापायला सुरुवात करायची असल्यास आधी पंच उतरेल एवढे भोक पाडावे. खाली पडणारे चंद्रकोरीसारखे तुकडे फार अणकुचीदार असतात आणि बुटाच्या तळव्यात घुसून फरशीवर ओरखडे उठवतात, म्हणून काम संपण्याची वाट न पाहता ते मधूनमधून चुंबकाने उचलावेत.

जिगसॉनेही, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याच्या विजेच्या करवतीनेही, काम होते. किमान दोन दाते एकाच वेळी पत्र्याच्या जाडीत असावेत, म्हणून १ मिमीच्या आसपासच्या पत्र्याला मिळेल तितक्या बारीक दात्यांचे पाते घ्यावे. पत्रा थरथरू नये म्हणून खाली प्लायवुड ठेवून दोन्ही एकत्र क्लॅम्प करावेत.

आधीच बसवलेल्या पत्र्यात जिथे दुसरे काही शिरत नाही, तिथे ग्राइंडर घ्यावाच लागतो. त्या वेळी गार्ड (डिस्कवरचे संरक्षक आवरण) काढू नये, डिस्कवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नाही ना हे पाहावे आणि मधल्या धातूच्या कड्यावरची मुदतही वाचावी, कारण डिस्कमधले कण बांधून ठेवणारे रेझिन कालांतराने कमकुवत होते. कापून झाल्यावर कडेची बर (कापताना उठलेली धारदार कोर) कानशीने काढून, कण झटकून लगेच जस्तयुक्त रंगाचा हात द्यावा.